थोडासा करंट

आमच्याकडे कूलरला थोडासा करंट असतोच. दुधाला साय असते, तसं आम्ही हे सांगतो. चप्पल घाल, तळहात लावू नको, उलटा हात लाव, झालं. एवढ्या तीन नियमांवर आमचे सगळे उन्हाळे निघाले, आणि मला संताप येतो तो याचाच.

त्या वर्षी चैत्रात मी माहेरी आले होते. आर्वीकडच्या आमच्या गावात घर अगदी नदीकाठी. मागच्या दारी मायची वाडी: वांगी, दोडक्याचा मांडव, कोथिंबिरीचे वाफे. सकाळी आठलाच ऊन असं चकचकीत की नदीकडे पाहवत नव्हतं. दादाने घराची डागडुजी काढली होती. दाराला रंग, खिडकीला जाळी, आणि मग कूलर. पत्र्याच्या जुन्या कूलरला त्याने चांदीचा रंग मारला, नवं गवत भरलं आणि वाडीकडच्या खिडकीला बाहेरून बसवला. वायरमधल्या तीन तारांपैकी हिरवी, अर्थिंगची, कापून टाकली.

"ती काऊन कापली?" मी विचारलं.

"बोर्डाले भोकं दोनच आहेत. तिसरीचं काय लोणचं घालू?"

कूलर सुरू झाला. मी उलटा हात लावून पाहिला. मुंग्या थेट कोपरापर्यंत आल्या.

"दादा, हा तर जोरात मारते रे!"

"कच्चा रंग आहे, वाळला का जाते. तू चप्पल घालजो."

मी हसले. आज लाज वाटते, पण हसले. चप्पल मी घातलीच होती. घालत नव्हती ती माय. काळ्या मायवर, म्हणजे मातीवर, पायतण घालून चढायचं नाही, हा तिचा नेम. बांधावर चपला काढायच्या आणि ओल्या वाफ्यात अनवाणी शिरायचं. झाडांना पाणी देता देता त्याच पाइपने चालू कूलर भरायचा, हीही तिचीच रोजची पद्धत. हे मला माहीत होतं, दादालाही माहीत होतं. दोघांपैकी कुणी तिला हाक मारून सांगितलं नाही. दादा दाराला दुसरा हात मारायला गेला आणि मी कांदे चिरायला बसले.

स्वयंपाकघराच्या दारातून माय दिसत होती. एका हातात पाइप, दुसरा कूलरच्या कडेवर. कूलर भरला. पाणी वरून सांडायला लागलं, तिच्या पायांवर पडायला लागलं. वाटीभर पाणी सांडलं तर घर डोक्यावर घेणारी बाई ती! आणि ती नुसती उभी होती. तोंडातून ब्र नाही, डोळे उघडे.

कशी पळाले ते आठवत नाही. पिन उपटली तेव्हा बाहेर धप्प आवाज झाला.

दादा तिच्याजवळ चिखलात बसून लहान पोरासारखा रडत होता. "माय, वो माय!" तिच्या तळहातावर पांढरा चट्टा उठला होता. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली.

"वांग्याचं झाड मोडलं का रे?"

दादा म्हणाला, आर्वीले दवाखान्यात नेतो. "मेली का मी?" असं म्हणून तिने त्याला गप्प केलं. आम्ही तिला आत खाटेवर आणलं, गूळपाणी दिलं. तिचा हात मांडीवर घेऊन मी बसून राहिले. तो मधूनच आपोआप उडायचा.

दोन वाजले. छपराचे पत्रे तापून कडकड वाजायला लागले. खोलीत श्वास घेववेना. दादाचा सदरा पाठीला चिकटला होता. मायने डोळे न उघडताच म्हटलं, "काऊन असे भाजत बसले? कूलर लावा ना."

दादाने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. मग उठले आणि पिन लावली. खोटं काऊन बोलू, हवा इतकी गार होती की मायचा हात हातात असतानाच मला झोप लागली.