मामंजी हेरिटेज

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी तिथून निघून जाते. शिक्षण चौथीपर्यंतच, पण डोकं ठिकाणावर आहे. म्हणून हे वहीत लिहून ठेवते... बोलायला जमत नाही मला.

चौलच्या आमच्या वाडीत आता बिल्डिंग उभी राहते आहे. मोठ्या दिरांनी जागा परस्पर विकली. पुढच्या बाजूला ऑफिस आहे. तिथे फरशी पुसायला आणि चहा करायला मी जाते. लाज वाटते, पण जाते.

बिल्डिंगला नाव शोधायचं चाललं होतं. मुंबईची मॅडम म्हणाली, “मावशी, गावातले लोक या जागेला काय म्हणतात? जुनं काहीतरी हवंय, हेरिटेज टाइप.”

हातात ट्रे होता. मी म्हटलं, “मामंजींची वाडी.”

दुसरं काय सांगणार? वाडीला सासऱ्यांचं नाव, आणि आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी मी नुसतं कार्ड पुढे करते.

“मामंजी! कसलं रॉयल आहे,” असं म्हणून तिने लिहूनसुद्धा घेतलं.

आठ दिवसांत रंगीत कागद छापून आले. मामंजी हेरिटेज. चौल बंदरातले थोर व्यापारी मामंजी यांची बाग... वर पगडी घातलेल्या, गळ्यात मोत्यांच्या माळा असलेल्या माणसाचं चित्र. माझे सासरे अर्ध्या चड्डीत सुपारीला पाणी लावायचे. पायांना भेगा इतक्या, की चप्पल टोचायची. एकेक झाड त्यांच्या हातचं.

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे हसले. “आता आख्खी मुंबय माज्या बापाला सासरा म्हननार.” मग ताट तसंच ठेवून उठले.

बोर्ड उघडायचा कार्यक्रम सकाळी अकराला होता. हे कामावर दिघीला गेले होते. गावातलं कुणी बोलावलेलं नव्हतं. बिल्डर शेठनी सोलापूरचे एक रिटायर हेडमास्तर आणले होते, इतिहासावर बोलायला. पडदा बाजूला झाला. पितळी अक्षरं होती. मास्तरांनी माइक धरून मोठ्याने वाचलं,

“पोशा जोमाची वाडी.”

मामंजींचं नाव ऐकून मी कपांचा ट्रे खाली ठेवला.

शेठ हसले. “सर, मामंजी हेरिटेज.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पोशा जोमाची वाडी. समोर लिहिलंय की हो.”

मॅडमने बोर्डाकडे पाहिलं, मीही पाहिलं. मामंजी हेरिटेजच होतं. डोळे चोळून मास्तर म्हणाले, “हं... आता मामंजी दिसतंय. पण मामंजी म्हणजे सासरा ना? कुणाचा सासरा?”

सगळे हसले. शेठही.

“आणि हा पोशा जोमा कोण?” मास्तरांनी विचारलं.

मी चार पावलांवर उभी होते. तोंड उघडलं नाही. मॅडम म्हणाली, “सरांना ऊन लागलंय, मावशी, पाणी आणा.” मी पाणी आणलं. बस, एवढंच केलं मी.

पाणी देताना हळूच विचारलं, “सर, याआधी आला होतात का इकडे?” ते म्हणाले, नाही, गाडीतून थेट इथेच उतरलो. ड्रायव्हर शेठचा, मुंबईचा. विक्रीच्या कागदांवर दिरांचं नाव आणि गट नंबर, वाडीचं नाव कुठेच नाही. मुलगी म्हणते, पितळेवर ऊन चमकलं असेल. उन्हाने अक्षरं पुसट होतील... मामंजींचं नाव त्यांच्या बापासकट कसं दिसेल?

शेठचा राग येतो, दिरांचा येतो, त्या पगडीवाल्याचा येतो. स्वतःचा सगळ्यात जास्त. आणि खरं लिहायचं तर मामंजींचाही येतो. परक्या माणसाच्या तोंडून बोललात, मी जवळच तर उभी होते.

काल मॅडम एका जोडप्याला सांगत होती, “मामंजी फार मोठे व्यापारी होते.” मी फरशी पुसत होते. फडकं बादलीत टाकलं आणि उभी राहिले.

“व्यापारी नव्हते,” मी म्हटलं. “पोशा जोमा नाव त्यांचं. वाडी करायचे.”

आवाज माझाच होता. मास्तरांना ते नाव कुठून दिसलं, हे मात्र अजून मला कुणी सांगू शकलेलं नाही.