किल्ल्याच्या नावाखाली भोरगिरीकडे

रहाटणीहून पहाटे पाचला निघालो तेव्हा आम्ही दोघंच होतो, आणि त्यातला एक जण घरी खोटं सांगून आला होता. तो मी नव्हे. मी बायकोला खरं तेच सांगितलं होतं: सायकलवर भोरगिरीचा किल्ला बघायला चाललोय, वाटेत जंगल आहे, संध्याकाळी परत येतो. विलासनेही त्याच्या घरी शब्दशः हेच सांगितलं होतं. फरक इतकाच की त्याला किल्ला बघायचा नव्हता.

विलास माझा शेजारी. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटी खात्यात. त्याची मुलगी पल्लवी हिचं सागर नावाच्या मुलाशी जमलं होतं. सागर कामाला चाकणलाच, पण त्याचं घर भोरगिरीच्या अलीकडे, भीमाशंकरच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही; का, ते पुढे कळेलच. पुढच्या रविवारी विलास आठ माणसं आणि एक जीप घेऊन मुलाचं घर बघायला रीतसर जाणार होता. होकार की नकार ते तिथे ठरणार होतं. पल्लवीने बापाला सांगून टाकलं होतं की तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाही म्हणेन, पण मग दुसरं स्थळ बघायला बसणार नाही.

विलासचा रीतसर गोष्टींवर विश्वास नाही. कंपनीत कळवून ऑडिट आलं की आदल्या दिवशी जमिनीवर नवे पिवळे पट्टे रंगवतात आणि वर्षभर न दिसलेली केरसुणी जागेवर सापडते, हे त्याने सव्वीस वर्षं पाहिलेलं. त्याच्या मते खरं ऑडिट एकच, न कळवता केलेलं.

"पुढच्या रविवारी सारवून ठेवतील राव," तो म्हणाला. "मला न सारवलेलं बघायचंय."

म्हणून हा बेत. हेल्मेट आणि काळा चष्मा घातलेला सायकलस्वार कोणाला ओळखू येतो? मी ताबडतोब तयार झालो. अशा कामाला मला कधीच आग्रह करावा लागत नाही.

भोसरी ते मोशी रस्ता कंपन्यांच्या बसेसचा. तिसरी शिफ्ट घरी चालली होती; प्रत्येक खिडकीला एक झोपलेलं डोकं टेकलेलं. चाकणला उजाडलं. तिथला भुईकोट संग्रामदुर्ग बघावा म्हणून मी एका रिक्षावाल्याला वाट विचारली. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तुम्ही किल्ल्याच्या आतच उभे आहात असं सांगितलं. खरंच होतं. एके काळी मोगल फौजेला अडवून धरणारा हा किल्ला. आता त्याच्या पोटात घरं, दुकानं आणि चहाच्या टपऱ्या आहेत. उरलेल्या बुरुजावर विलासने बोटाने टकटक केली, दगडांमधल्या फटी न्याहाळल्या आणि मान डोलावली. बुरुज पास झाला.

राजगुरुनगरला वडापाव खाऊन आम्ही डावीकडे वाडा गावाच्या रस्त्याला लागलो आणि जग बदललं. चासच्या पुढे धरणाचं पाणी रस्त्याला साथ देतं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, त्यावर बगळे, आणि वाहन म्हणाल तर अर्ध्या तासात एक. मी आनंदाने गात होतो. विलास खड्डे मोजत होता. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून फोनला रेंज आहे का बघत होता, आणि पल्लवी इथे आजारी पडली तर, एवढंच वाक्य अर्धवट बोलून पुन्हा पायडल मारत होता. त्याच्या नकाराची फाइल तयार होत होती. मला तेव्हा पहिल्यांदा जरा वाईट वाटलं, कारण पल्लवीला मी ती रांगत असल्यापासून ओळखतो.

वाड्याच्या पुढे जंगल अंगावर येतं. उंबर, जांभूळ, हिरडा, आणि चढ. लातूरचा माणूस बेजार झाला. "आमच्याकडं झाडं दिसली की गाव आलं समजायचं," तो धापा टाकत म्हणाला. "इथं कवापासून झाडंच दिसायलीत." एका फांदीवर शेकरू (मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार) बसलं होतं. ते आमच्याकडे ज्या नजरेने बघत होतं ती मला कंपनीतल्या सुरक्षारक्षकांची आठवण करून देणारी वाटली.

त्याच चढावर विलासच्या सीटचा बोल्ट तुटला. सीट सरकन खाली गेली आणि तिच्याबरोबर तोही. शेजारीच एक दाट राई होती, आत गार सावली, मधोमध शेंदूर लावलेला दगड. विलासने देवाला नमस्कार केला, खाली पडलेली एक वाळकी, अंगठ्याएवढी जाड काठी उचलली, मापाने मोडली, सीटखालच्या नळीत सारली आणि वर सीटचा दांडा बसवला. सीट जागेवर, काठी नळीत गडप. तपासायला कोणी उभं राहिलं असतं तरी काही दिसलं नसतं.

तिथून दोन किलोमीटर उतारावर गाव. सागरने वर्णन केलेलं निळ्या पत्र्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात एक बाई भात पाखडत होत्या. सागरची आई. आम्ही पाणी मागितलं. त्यांनी गुळाचा खडा आणि पाणी दिलं, कुठून आलात विचारलं, आणि आम्ही किल्ला बघायला निघालोय म्हटल्यावर, मग जेवूनच जा म्हणाल्या. एवढ्या वेळात विलासने हेल्मेट काढलं नव्हतं.

आणि ऑडिट सुरू झालं. डॉक्टर किती लांब? लाइट किती जाते? पाणी नळाला येतं की आणावं लागतं? संडास आत आहे की बाहेर? बाई पाखडता पाखडता उत्तरं देत होत्या. नर्सबाई वाड्याला, शेजारची जीप कधीही निघते. पावसात लाइट जाते. पाणी नळाला. संडास मागे, पोराने बांधलाय, बघायचा असेल तर बघा. विलासने जाऊन बघितला. मी आकाशाकडे पाहत राहिलो.

जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, हाताने वळून रश्श्यात शिजवलेली) आणि नाचणीची भाकरी. बोल्टातली केसाएवढी चीर शोधणाऱ्या विलासने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मला बोलायची हौस आली आणि मी वरच्या राईचं कौतुक केलं.

ती देवराई, बाई म्हणाल्या. देवाची राई. तिथली वस्तू बाहेर काढायची नाही, वाळकं पानही नाही. मागल्या वादळात तिथे मोठं झाड पडलं. त्याच वादळात यांच्या गोठ्याचं छप्परही गेलं. "वासा पायजे हुता आमाला," त्या म्हणाल्या. "वाड्यास्नं आनला. झाड पडलंय तिथंच हाय अजून."

विलासचा घास हातात राहिला. मी डोळ्यांनी त्याला जमेल तेवढं सांगितलं: गप्प बस. नळीतली काठी जगाच्या अंतापर्यंत कोणाला दिसणार नव्हती. पुढच्या रविवारी ह्याच अंगणात तो मुलीचा बाप म्हणून उभा राहणार होता. आता बोलला असता तर देवराईतला चोर म्हणून उभा राहिला असता. नकार मग त्याला द्यावाच लागला नसता, तो इकडूनच आला असता.

विलासने हात धुतला आणि हेल्मेट काढलं.

"ताई," तो म्हणाला, "तिथली एक काठी माझ्या सायकलमधी हाय."

आम्ही तिघं सायकलपाशी गेलो. त्याने सीट उपसली, सायकल उलटी करून हलवली. काठी अंगणात पडली. बाईंनी ती बघितली, त्याच्याकडे बघितलं.

"हुती तिथं ठिवून या," त्या म्हणाल्या.

तो चालत गेला, दोन किलोमीटर चढ, काठी दोन्ही हातांत आडवी धरून. मी सोबत यायचं सुचवलं, पण फारसं जोराने नाही. तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता. मोडलेला दुसरा तुकडा सापडला म्हणाला, त्याला जोडून ठेवली.

बाईंनी त्याला पाणी दिलं. "पल्लवीचं वडील न्हवं तुमी?" त्यांनी विचारलं.

विलास ओट्यावर बसला. तुम्हाला कसं कळलं, हे मीच विचारलं.

"किल्ला बघनारी मानसं किल्ल्याची वाट विचारत्यात," त्या म्हणाल्या. "ह्यांनी संडास इचारला."

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि गंभीरपणे सांगितलं की त्यासुद्धा आठवडाभर झोपल्या नव्हत्या. मुलीचा बाप क्वालिटीत आहे, सगळ्यांत खोट काढतो, असं सागर म्हणाला होता. "सोताची खोट सांगतो, ते काय बोलला न्हवता." रविवारी सगळ्यांना घेऊन या म्हणाल्या, आणि आजचं सागरच्या कानावर घालणार नाही असंही.

किल्ला तिथून पुढे काही किलोमीटरवर होता. जाऊन आलो असतो तर अंधार पडला असता. भाताची पोती नेणाऱ्या एका पिकअपमध्ये सायकली टाकून आम्ही राजगुरुनगरला उतरलो. तिथून विलासने खाली बसलेल्या सीटवरच सायकल हाणली, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते आणि मागचे ट्रकवाले हौसेने हॉर्न वाजवत होते. इतक्या वर्षांत मी पुष्कळ किल्ले पाहिले, तटावर उभं राहून फोटो काढले आणि तिथल्या माणसांशी वाट विचारण्यापुरतंच बोललो. ह्या वेळी किल्लाच राहिला. चुकल्यासारखं वाटायला हवं होतं. चाकणपर्यंत मी वाट बघितली, वाटलं नाही.

रहाटणीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पल्लवी जिन्यात उभी होती. किल्ला कसा होता, तिने विचारलं.

विलासने सायकल भिंतीला टेकवली. "किल्ला नाही बघितला," तो म्हणाला. "तुझ्या सासूकडं जेवून आलो."

पल्लवी पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.