मांजरपुदिन्याची हजामत

कात्रीमामांनी चाळीस वर्षं सलून चालवलं. "जरासेच कमी करा" म्हणत खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक हमखास सफाचट होऊन उठायचं. मामांची नजरच तशी. डावीकडे जरा जास्त वाटलं की डावीकडे, मग उजवीकडे, असा समतोल साधत ते थेट टाळूपर्यंत पोहोचायचे.

दुकान बंद केल्यावर ही नजर त्यांनी घरी आणली. लेकीच्या बाळंतपणाला जाताना मामींनी बजावलं, "पहिला बहर ओसरला की मांजरपुदिना निम्मा छाटा. निम्मा म्हणजे निम्माच. मग तो परत फुलतो." जांभळ्या तुऱ्यांचं ते झुडूप मामींनी आपल्या बहिणीच्या बागेतल्या फांदीपासून वाढवलं होतं. बहीण गेली, तिचं घर विकलं गेलं, बागेवर फरश्या बसल्या. तिचं म्हणून एवढंच उरलं होतं.

मामांनी निम्मं छाटलं. मग डावी बाजू जरा उंच वाटली. पाऊण तासाने चार बोटं उंचीचे खुंट उरले, आणि मामी यायला बारा दिवस.

मांजरांना वेड लावणारा छाटलेल्या पाल्याचा वास गल्लीभर गेला. पहिला बोका दहा मिनिटांत हजर. खुंटांवर यथेच्छ लोळून तो गेला आणि सोयरेधायरे घेऊन परतला. मामांनी वर जाळीची टोपली पालथी घातली, तिच्यावर दगड ठेवला आणि नर्सरी गाठली.

"मरेल का हो?"

"पाणी ओतत राहिलात तर नक्की मरेल," माळीबुवा म्हणाले. "मुळं कुजतात. माती सुकली तरच घाला. आणि मामा, हात जरा खिशात ठेवा."

मामा रोज गुडघे टेकून टोपलीखाली डोकावत. खुंट तपकिरी ते तपकिरीच. फोनवर मामी विचारत, "फुलला का?" मामा म्हणत, "नात कशी आहे?"

दहाव्या दिवशी मामींचा फोन आला, "उद्याच येते."

दुसऱ्या दिवशी दारात गाडी थांबली. मामा पाण्याचा पेला घेऊन पुढे झाले. "अगं, आधी बस तरी."

"काय केलंत?"

उत्तराची वाट न बघता मामी थेट अंगणात गेल्या. दगड बाजूला केला, टोपली उचलली आणि तशाच उभ्या राहिल्या. मामांना त्यांची फक्त पाठ दिसत होती. मग त्या खाली बसल्या, बोटांनी माती उकरू लागल्या.

"अहो, चष्मा द्या तुमचा."

मामांनी दिला. मामी बराच वेळ वाकून राहिल्या. खुंटाच्या बुडाशी, मातीला चिकटून, तांदळाएवढा करडा-हिरवा कोंब होता. पलीकडे आणखी एक.

"माझ्या बहिणीने पंधरा वर्षं जपलं," त्या हळू म्हणाल्या. मग आवाज चढला. "आणि तुम्ही पाऊण तासात टक्कल केलंत! यंदा फुलं विसरा. आणि पुढच्या वर्षी या झाडाजवळ कात्री घेऊन दिसलात, तर याद राखा. घर आहे हे, सलून नाही..."

बोलणी लांबत गेली. मामांच्या कानांत मात्र 'पुढच्या वर्षी' एवढंच शिरलं होतं. ते कोंबांशेजारी बसले, आणि मामींनी हातात दिलेली टोपली दोन्ही हातांनी, जपून, पुन्हा पालथी घातली.