उंगलीवाली मॅडम

दवाखान्यात नव्याने लागलेल्या थेरपिस्टचा उजवा हात आमची सीनियर, ताई, पहिल्याच दिवशी बांधून टाकायची. माझाही बांधला. अंगठा आणि दोन बोटं क्रेप बँडेजमध्ये घट्ट गुंडाळली आणि म्हणाली, "आता दिवसभर अशीच राहा. डबा खा, केस बांध, धामणकर नाक्यावर जाऊन साबण घेऊन ये." डाव्या हाताने पोळीचा तुकडा मोडताना मी रडकुंडीला आले. नाक्यावर रिक्षातून उतरताना पर्स खाली पडली. संध्याकाळी बँडेज सोडताना तिने एवढंच विचारलं, "सगळ्यात जास्त राग कधी आला?"

"रिक्षावाल्याने पर्स उचलून दिली तेव्हा," मी म्हटलं.

"लिहून ठेव. पुस्तकात नाही मिळणार हे."

निजामपुऱ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आमची एक खोली होती. दारावर 'ओ. टी.' अशी पाटी. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नसे. निम्मी माणसं ते ऑपरेशन थिएटर समजून दाराबाहेर चपला काढून कुजबुजत उभी राहत. दुखावलेल्या हाताला जेवायला, अंघोळ करायला, काम करायला पुन्हा शिकवायचं, हे आमचं काम. पेशंट बहुतेक लूमवरचे, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवरचे कामगार. कुणाचं बोट गिअरमध्ये गेलेलं, कुणाचा पंजा पट्ट्यात. ते ताईला 'उंगलीवाली मॅडम' म्हणत.

आम्हाला मात्र मॅडम म्हणायची बंदी होती. "दोनच वर्षं आधी पास झालेय मी," ती म्हणायची. अंजूरच्या शेतकरी घरातली मुलगी. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायची, पण चिडली की गावची भाषा यायची, "यवढं बी कलत न्हाय?" आम्हाला शिकवायचं काम तिला कुणी दिलं नव्हतं, त्याचा वेगळा पगारही नव्हता. तिचं पहिलं वर्ष त्या खोलीत एकटीने गेलं होतं. अडलं तर विचारायला कुणी नव्हतं. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शनिवारी दुपारी पेशंट संपले की गावातल्या दुसऱ्या दोन दवाखान्यांतल्या नव्या मुली आमच्याकडे यायच्या. चहा, खारी आणि ताईचा एक नियम. "आठवड्यात काय चुकलं ते सांगा. जे जमलं ते पेशंटच सांगेल." सुरुवात ती स्वतःपासून करायची.

मी लागून चार महिने झाले होते. रियाझभाई नावाचा लूम कारागीर माझ्याकडे होता. त्याचं मधलं बोट वाकवणारी शीर तुटली होती आणि सर्जनने ती जोडली होती. जोड पक्का होईपर्यंत त्या बोटाने काही दाबायचं नाही, हे मला परीक्षेपासून पाठ होतं. पण चौथ्या आठवड्यात तो काकुळतीला आला. "मॅडम, सेठ दूसरा आदमी रख लेगा. कुछ तो कसरत दो." मी त्याला दाबायला मऊ चेंडू दिला.

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी तो आला तेव्हा बोट लुळं पडलं होतं. जोड सुटला होता. "घर पे बाल्टी उठा ली थी. मेरी ही गलती है," तो मान खाली घालून म्हणाला. मी केसपेपरवर लिहिलं, 'बादली उचलली', आणि त्याला सोमवारी सर्जनकडे जायला सांगितलं.

दुपारच्या बैठकीत मी भलतीच कुठली तरी किरकोळ चूक सांगितली. ताईने ऐकून घेतलं. मुली गेल्यावर केसपेपर पुढे ठेवला.

"बादलीच्या आधी काय?"

 मी चेंडूचं सांगितलं.

"चेंडूने तुटली का बादलीने, ते मलाही सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "पण चेंडू द्यायला नको होता, हे त्याला माहीतच नाही. तो स्वतःला शिव्या देत बसला असेल. चल."

रियाझभाई गल्लीत लूमच्या शेडबाहेर बाकड्यावर बसला होता. आत यंत्रं चालू होती. मी हळू आवाजात बोलायला गेले तर तो म्हणाला, "क्या? सुनाई नहीं दिया." दुसऱ्यांदा मला ओरडूनच सांगावं लागलं, "चेंडू द्यायला नको होता! माझी चूक झाली! मेरी गलती है!" शेजारचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. ताई चार पावलं मागे उभी होती. 

तो बाकड्यावरून उठला. "अब ये बोलने से उंगली जुड़ेगी?" मग ताईकडे वळला. "आगे से मेरा हाथ आप देखना. ये नहीं."

"देखूँगी," ताई म्हणाली. "लेकिन ये बाजू में बैठेगी."

परतताना मी म्हटलं, सोमवारी राजीनामा देते. ताई चालतच राहिली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी भाजलेल्या हाताचं एक पोर होतं माझ्याकडे. मी पट्टी घट्ट बांधली, हाताला जखम झाली. मी त्याच्या आईवर ढकललं, तूच नीट काळजी घेतली नाहीस म्हणून. तिने ऐकून घेतलं. अजून ती बाजारात दिसली तर मी गल्ली बदलते." तिने विचारलं, "तुला निजामपुऱ्यात किती गल्ल्या बदलायच्यात?"

राजीनामा मी लिहिलाच नाही.

रियाझभाईचं पुन्हा ऑपरेशन झालं. पुढचे तीन महिने मी ताईच्या शेजारी स्टुलावर बसून नुसती बघत होते. शेवटी शेवटी ती त्याला सुताच्या गाठी मारायला लावायची, कारण लूमवर त्याचं खरं काम तेच होतं, तुटलेला धागा पटकन जोडणं. एक दिवस ताईला ऑफिसात बोलावलं. रियाझभाईने घड्याळाकडे बघितलं आणि हात माझ्यापुढे धरला. "आप ही कर दो. टाइम जा रहा है." त्याचं बोट पुरतं कधीच वाकलं नाही. पण गाठ बसायला लागली आणि तो कामावर गेला.

त्यानंतर वर्षाच्या आत ताईला नाशिकच्या एका विशेष मुलांच्या शाळेत नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी आम्ही समोसे आणून ठेवले होते. तेवढ्यात अर्धांगवायू झालेल्या एका आजीला तिच्या मुलाने उचलून आणलं. सवयीने सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ताई उठली, स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

आजीला पाऊण तास लागला. तिला चमचा धरायचा नव्हता, कुंकू लावायचं होतं. आम्ही तिथूनच सुरुवात केली. मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. ताई केव्हाच अंजूरच्या रिक्षात बसून गेली होती. संध्याकाळी मी फोनवर भांडले. "ना समोसा खाल्लास, ना भेटलीस. अशी काय गेलीस?"

"तुझा पेशंट चालू होता," ताई म्हणाली. "मध्ये कशाला येऊ?"