योस्ट हर्नलीच्या घंटा

योस्ट हर्नलीने बायकोच्या अंगावर कधी दागिना घातला नाही, पण सहाही घोड्यांच्या खांद्यांवर पितळी घंटा चढवल्या होत्या. लँकेस्टरहून पिट्सबर्गला माल नेणारी त्याची छपराची गाडी दिसण्याआधी ऐकू येई. वाटेवरचा कायदा साधा होता: गाडी रुतली आणि दुसऱ्याने ओढून काढली, तर आपल्या घंटा त्याला द्यायच्या. बिनघंटांचा गाडीवाला खाणावळीत शिरला की हशा पिके. योस्टने उभ्या जन्मात घंटा दिल्या नव्हत्या. माणूस महा हेकट! आणि आता निम्मा माल आगगाडीने पळवल्यावर बिचाऱ्याकडे मिरवायला दुसरं काही उरलंही नव्हतं.

मार्चमधल्या चिखलात, घाटाच्या पायथ्याशी, त्याची गाडी आसापर्यंत रुतली. मागून आब्राम केंडिग गाडी घेऊन आला. आब्राम मूळचा शेतकरी. हिवाळ्यात शेतं रिकामी म्हणून माल वाहायचा. असल्यांना योस्ट कुत्र्याच्या छत्र्या म्हणे.

“काका, जोडू का माझे घोडे?”

“नांगराला जोड जा.”

“अहो, घंटा नकोत मला. कुणाला सांगणारही नाही.”

“मला कळेल ना! हो बाजूला.”

“लीझलकडे तरी बघा. केवढी धाप लागलीय तिला!”

लीझल पुढच्या जोडीतली म्हातारी घोडी. तिला चाबूक कधी लागला नाही. योस्टच्या हाकेवर चालायची. त्याने हाक दिली. परत दिली. घोडी गुडघ्यांवर आली, उठली, पुन्हा रेटा दिला, आणि बाकीचे तिच्यामागे ओढू लागले. चाकं सुटली. कडेच्या घट्ट जमिनीवर पोचल्यावर ती थांबली आणि आडवी झाली. नाकातून रक्त आलं.

योस्टने तिच्या मानेखाली हात घातला. “ऊठ, बाई,” म्हणाला. मग नेहमीची हाक दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ऐकलं नाही. तेव्हा तो म्हातारा चिखलात बसून ढसाढसा रडला.

बऱ्याच वेळाने उठून त्याने सगळ्या घंटा उतरवल्या आणि आब्रामपुढे धरल्या.

“घे. रुतलो होतो मी.”

आब्रामने हात मागे घेतले. “मी कशाला घेऊ? गाडी तिने काढली, काका.”

योस्ट घंटा पुढे धरून तसाच उभा राहिला. घ्यायला कुणी नव्हतं.