टिकटिक मामी

मामीच्या शेजारी बसलं की तिच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची, मनगटावरच्या घड्याळासारखी. लहानपणी सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. लग्नानंतर पुण्याला ऑपरेशन करून तिथे धातूची झडप बसवली. आम्ही भाचरं तिला टिकटिक मामी म्हणायचो. तिला राग नव्हता. "चावी द्यावी लागत न्हाय, तेवढं बरं हाय," म्हणायची.

झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज दिवा लावला की ती एक गोळी घ्यायची. त्या गोळीमुळे साधं कापलं तरी रक्त लवकर थांबायचं नाही. म्हणून मामाने तिच्या हातून विळीच काढून घेतली. बापजाद्यांनी मेंढरं राखलेल्या घरातला तो गडी चुलीपुढे बसून वांगी चिरायचा. निमगाव केतकीतल्या बाया हसायच्या. मामी म्हणायची, "हसू द्या. त्यांच्या घरात कोण चिरून देतंय?"

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. मामी रक्त तपासायला एसटीने यायची, तेव्हा मी दवाखान्यात जाऊन भेटायचे. एकदा तिथल्या बाकावर वरकुटे गावची सुनीता नावाची पोरगी आईजवळ बसली होती. तिचीही झडप बदलायची होती. "मला न्हाय जायचं पुण्याला," ती रडत होती. "छाती फाडत्यात. त्यापरीस हितंच मेलेली बरी."

ओळख ना पाळख, मामी उठली आणि तिचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं. "ऐक."

पोरगी रडायची थांबली. बराच वेळ कान लावून राहिली. मग हळूच म्हणाली, "लई दुखलं का, मावशी?"

"लई दुखलं." खोटं बोलणं मामीला जमायचंच नाही. "पर आता विहिरीवरनं घागर आणते. आदी पायरी चढवत न्हवती."

सुनीता पुण्याला गेली.

पुढे दोनेक वर्षांनी मामीच्या मेंदूत गुठळी गेली. गोळी तिने कधी चुकवली नव्हती. "एवढं जपूनही कधीकधी असं होतं," डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्या दुखण्यातून ती उठली नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले असताना, दवाखान्यात मामीचं दुखणं कळलं म्हणून सुनीता आली. "मावशी, वळाखलं का? वरकुट्यास्नं सायकल हाणत आले!" उन्हाने तोंड लाल झालं होतं, पण श्वास जरासुद्धा फुलला नव्हता. मामी बघत राहिली. मग तिचा अर्धा चेहरा हसला, आणि डावा हात उचलून तिने पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला.