आत्यांचं लाल कार्ड

जमिनीवर हात थोपटून आत्या म्हणायच्या, "हितं बस. तोंडासमूर." समोर सरपंच असो की बोकड, बोलणं इथूनच सुरू.

चौसाळ्याजवळच्या त्यांच्या गावात आम्ही संस्थेचे लोक दरवर्षी आरोग्य उपकेंद्राच्या पाहणीला जायचो. गावानेच केंद्राला कार्ड द्यायचं. हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. तुम्ही अशा बैठकांना गेला असाल तर माझा पहिला नियम तुम्हाला माहीत असेल: उपकेंद्राच्या सिस्टरांनी बाहेर बसायचं, म्हणजे लोक मोकळं बोलतात.

आत्या शेरडं राखायच्या आणि गावच्या आरोग्य समितीतही होत्या. आवाज माळ ओलांडून जाणारा.

"सिस्टर कुटंय?" एका बैठकीत त्यांनी मला विचारलं.

"बाहेर. तुम्हाला मनातलं बोलता यावं म्हणून."

"म्हंजी माघारी? आमी काय चोर हाव का म्याडम?"

सिस्टर आत आल्या. हात थोपटला गेला.

"बाळंतिणीच्या खोलीत पाणी न्हाई. घरून घागर आणा म्हंतीस. लाज कशी न्हाई वाटत गं?"

आत्यांनी पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे हिरवं कार्ड उचललं.

"आत्या, आत्ता तर तुम्ही..."

"बोल्ले की तिला. बोलून झाल्यावर आनिक लाल कशाला?"

मी समजावलं, की हिरवं गेलं तर वर वाटेल सगळं ठीक आहे, आणि पाणी कधीच येणार नाही.

"पानी देनार कोन?"

"तालुक्याचे मोठे डॉक्टर."

"मग लाल त्यांचं." त्यांनी लाल कार्ड तंबाखूच्या चंचीत ठेवलं. "त्यांच्या हातात दिऊ."

काही महिन्यांनी तालुक्याच्या सभेत डॉक्टर मंचावर होते. आत्यांनी खालची सतरंजी थोपटली. "सायेब, हितं या." माझ्या कार्यक्रमपत्रिकेत असं काही नव्हतं. डॉक्टर मात्र उतरले आणि मांडी घालून बसले.

"ह्ये तुमचं हाय. लई दिस संबाळलं."

तंबाखूचा वास येणारं ते चुरगळलेलं कार्ड डॉक्टरांनी घेतलं. पुढे टाकी बसली, नळ आला. आत्यांनी लगेच डॉक्टरांना निरोप धाडला, "हिरवं न्यायला या म्हनावं."

गेल्या उन्हाळ्यात आत्या वारल्या. यंदाच्या बैठकीत आत्यांच्या रीतीप्रमाणे सिस्टर आतच होत्या, पण कुणी तोंड उघडेना. मी आपली एकेक प्रश्न वाचत राहिले. शेवटी सिस्टर उठल्या, पुढे येऊन बसल्या आणि समोरची रिकामी जमीन थोपटत म्हणाल्या,

"या की कुणीतरी. तोंडासमूर."